पंप खोलण्याआधी डिझेलचा रस्ता तपासा



वांगणीहून एका भावाचे पत्र आले आहे. तो दुसऱ्याच्या मालकीचा ट्रॅक्टर चालवतो. पावसाळ्यात भाताच्या खाचरात चिखलणी, पाऊस उघडला की वीटभट्टीची माती आणि विटा, उन्हाळ्यात पाण्याचा टँकर, असे त्याचे बारमाही काम. तो लिहितो, ‘सकाळी सेल्फ मारला की इंजिन फिरते, पण चालू होत नाही. कसेबसे चालू झाले तर अर्ध्या तासात बंद पडते. मिस्त्री आला, त्याने बॉनेटही न उघडता सांगितले की पंप गेला. मालक म्हणतो, तुझ्याच हाताने गेला, पगारातून कापून घेईन. मी काय करू?’

या पत्रात प्रश्न दोन आहेत. एक यंत्राचा आणि दुसरा पोटाचा. यंत्राचा प्रश्न नीट सोडवला तर पोटाचा प्रश्न निम्मा सुटतो, म्हणून आधी यंत्राकडे वळू. आपल्या वाचकांत ट्रॅक्टर चालवणारे, टेम्पो चालवणारे, भट्टीवर आणि खडी क्रशरवर काम करणारे पुष्कळ आहेत. डिझेल इंजिन सगळ्यांच्या पाचवीला पुजलेले. तेव्हा हे उत्तर एकट्या वांगणीच्या भावासाठी नाही.

डिझेल इंजिन बंद कशाने होते?

स्कूटरचे इंजिन पेट्रोलवर चालते. त्यात प्लग असतो, प्लगची ठिणगी तोडली की इंजिन बंद. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरला १८९३ साली पेटंट मिळाले आणि १८९७ साली ऑग्सबर्ग येथे त्याचे इंजिन यशस्वीपणे चालले. त्याची युक्ती अशी की सिलिंडरात आधी नुसती हवा कोंडायची आणि ती इतकी दाबायची की दाबानेच ती लालबुंद लोखंडासारखी तापावी. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की ते आपोआप पेट घेते. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे तोंड गरम होते, तोच हा प्रकार, फक्त कितीतरी पटीने मोठा.

यातून एक गोष्ट निघते आणि ती पक्की ध्यानात ठेवावी. डिझेल इंजिन बंद करायचे तर त्याचे डिझेल तोडावे लागते. आणि चालते इंजिन आपोआप बंद पडले, तर बहुतेक वेळा डिझेलच कुठेतरी तुटलेले असते. बंद करण्याची व्यवस्था आणि डिझेल पोहोचवण्याची व्यवस्था ही एकाच नळाची दोन टोके आहेत.

डिझेल तोडण्याचे दोन प्रकार प्रचारात आहेत. जुन्या आणि साध्या ट्रॅक्टरला ड्रायव्हरजवळ ‘स्टॉप’ची मूठ असते. ती ओढली की केबल पंपावरची लहान दांडी खेचते आणि पंप डिझेल देणे थांबवतो. दुसऱ्या प्रकारात पंपावर विजेचा सोलेनॉइड असतो. चावी फिरवली की त्याला बॅटरीचे बारा व्होल्ट मिळतात, आतला खिळा उचलला जातो आणि डिझेलचे दार उघडते. चावी बंद केली की स्प्रिंगच्या जोराने दार मिटते. काही यंत्रांत हे उलटे असते, म्हणजे वीज दिली की दार मिटते. आपल्या ट्रॅक्टरचा प्रकार कोणता हे बिघाड होण्याआधीच पुस्तिकेत पाहून ठेवावे.

टाकीपासून नोझलपर्यंत

चाळीच्या गच्चीवरच्या टाकीतून पाणी आपल्या मोरीत येते, तसाच हा प्रवास आहे. टाकीतून डिझेल कॉकपाशी येते. तिथून गाळ बसण्याच्या वाटीत, मग फीड पंपात. फीड पंप ते पुढे ढकलतो आणि एकामागून एक अशा दोन फिल्टरांतून ते मुख्य पंपात जाते. मुख्य पंप ते प्रचंड दाबाने लोखंडी नळ्यांतून नोझलपर्यंत नेतो. नोझल फवारा मारते आणि उरलेले डिझेल परतीच्या नळीने मागे येते.

मुख्य पंपाला आपल्याकडचे मिस्त्री अजून ‘मायको पंप’ म्हणतात. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९२७ साली असे पंप कारखान्यात बनवायला सुरुवात केली. १९५१ साली बंगळूरला मोटर इंडस्ट्रीज कंपनी निघाली, तिचे लघुनाव मायको. २००८ पासून त्या कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाले, पण पंपाचे नाव लोकांच्या तोंडी मायकोच राहिले.

या पंपाच्या आत जो दट्ट्या सरकतो, त्याच्यात आणि त्याच्या नळीत केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाइतकीच फट असते. म्हणून पंप आंब्याच्या झाडाखाली गोणपाट पसरून खोलण्याची वस्तू नव्हे. तो खोलायचा तर स्वच्छ खोलीत, आणि जोडल्यावर टेस्ट बेंचवर मोजून बसवायचा. हे काम महाग आहे. म्हणूनच ‘पंप गेला’ हे वाक्य शेवटी उच्चारायचे असते, पहिल्यांदा नव्हे. त्याच्या अलीकडे जे सात-आठ टप्पे आहेत, ते तपासायला पैसे जवळजवळ लागत नाहीत आणि बहुतेक बिघाड तिथेच सापडतात.

पाना हातात घेण्याआधी

गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला आणि मागचे अवजार जमिनीला टेकलेले, एवढे झाल्याशिवाय काहीही तपासू नका. मग पुढील क्रमाने जा.

पहिले, धूर बघा. एकाने सेल्फ मारावा, दुसऱ्याने सायलेन्सरकडे पाहावे. इंजिन फिरत असताना धूर मुळीच नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते पण पेटत नाही; मग डिझेलमधले पाणी, कमी कॉम्प्रेशन किंवा पंपाचे टायमिंग यांचा विचार करावा. इंजिन चालू असताना काळा धूर ओकत असेल, तर हवा कमी आणि डिझेल जास्त. आधी एअर क्लीनर झाडा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये मिनिटभर दम घ्या. नाहीतर डिझेलचा दोष सापडेपर्यंत बॅटरी आणि सेल्फ दोन्ही बसतील.

दुसरे, टाकीत डिझेल आहे का ते डोळ्यांनी पाहा. डॅशबोर्डचा काटा खोटे बोलतो. स्वच्छ काठी बुडवून बघा. उजेडासाठी काडी किंवा लायटर कधीही पेटवू नका, बॅटरीचाच वापर करा.

तिसरे, स्टॉपची मूठ पूर्ण आत गेली आहे का? रात्री मूठ ओढून ट्रॅक्टर बंद केला, सकाळी ती आत ढकलायची राहिली आणि तासभर सेल्फ मारून बॅटरी उतरवली, हा प्रकार कोणत्याही भट्टीवर विचारा, सांगणारे भेटतील. पण मूठ आत गेली म्हणजे दांडी मागे आली असे समजू नका. केबलमध्ये चिखल आणि गंज शिरला की मूठ सरकते, दांडी मात्र अर्ध्यावर अडकते. अशा वेळी इंजिन चालूच होत नाही, किंवा चालू होऊन ओढ धरत नाही. एकाने मूठ ओढावी-ढकलावी, दुसऱ्याने पंपावरची दांडी पाहावी. ती दोन्ही टोकांना पूर्ण जायला हवी. अडकत असेल तर केबलमध्ये पातळ तेल सोडा, तरीही न सुटल्यास केबल बदला.

चौथे, सोलेनॉइड असेल तर कान द्या. आजूबाजूचा आवाज बंद करून चावी फिरवली की पंपापाशी ‘टक्’ असा आवाज यायला हवा. आवाज नसेल तर पंप खोलू नका. फ्यूज पाहा, सोलेनॉइडवरची तार ढिली झाली आहे का पाहा, टोकावरचा हिरवा-पांढरा थर घासून काढा. बारा व्होल्टच्या टेस्ट लॅम्पने तिथे वीज येते का ते तपासा. वीज येते पण आवाज नाही, तर सोलेनॉइड गेला. वीजच येत नाही, तर दोष तारेचा किंवा चावीचा. बॅटरी मरगळलेली असली की एक वेगळीच गंमत होते. नुसत्या चावीवर ‘टक्’ होते, पण सेल्फ मारताच व्होल्टेज इतके खाली येते की सोलेनॉइड सुटतो. मिस्त्री पंपाला दोष देतो आणि रोग असतो बॅटरीत. काही जण सोलेनॉइडचा खिळा काढून टाकतात आणि ‘झाले काम’ म्हणतात. ते करू नका. मग चावीने इंजिन बंद होत नाही, आणि ज्या दिवशी ते तातडीने बंद करण्याची गरज पडेल त्या दिवशी कोणाचा तरी जीव जाईल.

पाचवे, टाकीचे झाकण. झाकणाला हवा आत येण्यासाठी बारीक भोक असते. ते मातीने बुजले की डिझेल खाली जाते पण त्याच्या जागी हवा येत नाही. टाकीत पोकळी तयार होते आणि डिझेल उतरेनासे होते. अशा ट्रॅक्टरची खूण म्हणजे तो सकाळी नीट चालू होतो, पंधरा-वीस मिनिटे काम करतो आणि मग गुदमरून बंद पडतो. थोडा वेळ उभा राहिला की पुन्हा चालतो. बंद पडल्याबरोबर झाकण सैल करा. ‘सूं’ करून हवा आत ओढली गेली, तर रोग सापडला. बारीक तारेने भोक मोकळे करा. खर्च शून्य.

सहावे, कॉक आणि वाटी. कॉक पूर्ण उघडा आहे का ते पाहा. इंजिन चालू होऊन अर्ध्या-एक मिनिटात बंद पडत असेल, तर फिल्टरात उरलेले डिझेल संपेपर्यंतच ते चालले असे समजावे. वाटी खोलून पाहा. तळाशी पाणी, तांबडी माती किंवा काळपट बुळबुळीत गाळ असेल तर साफ करा. तो काळा गाळ म्हणजे पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे वाढणारे सूक्ष्म जीव. तो वाटीत आला असेल तर टाकीतही आहे. टाकी उतरवून धुवावी लागेल.

सातवे, फिल्टर. रिकाम्या चालीत इंजिन ठीक, पण रोटाव्हेटर खाली टेकवला किंवा ट्रॉलीने चढ धरला की दम सोडते, हे तुंबलेल्या फिल्टरचे लक्षण. कागदी फिल्टर धुऊन परत घालणे म्हणजे गाळलेला चहा पुन्हा चोथ्यातून गाळण्यासारखे आहे. पुस्तिकेत दिलेल्या तासांना तो बदलावा.

हवा शिरली असेल तर

डिझेलच्या नळीत हवा शिरणे हा सर्वात छळणारा बिघाड. द्रव दाबला की पुढे सरकतो, हवा दाबली की आकसते. पंपाचा सगळा जोर हवा आकसण्यात जातो आणि नोझल उघडतच नाही.

हवा शिरते कुठून? फीड पंपाच्या पुढची बाजू ढकलणारी. तिथे जोड सैल असला तर डिझेल बाहेर गळते आणि दिसते. फीड पंपाच्या मागची बाजू खेचणारी. तिथल्या बारीक चिरेतून इंजिन चालताना डिझेल बाहेर येत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून ‘कुठेच गळत नाही, मग हवा कशी येईल?’ हा प्रश्न चुकीचा आहे. टाकीत डिझेल कमी असेल किंवा टाकी पंपापेक्षा खाली असेल, तर रात्रीतून अशा चिरेमुळे डिझेल मागे टाकीत उतरते आणि सकाळी नळी रिकामी असते. टाकी ते फीड पंप ही रबरी नळी चिरलेली आहे का, तिची क्लिप सैल आहे का, वाटीचे रबर बसके झाले आहे का, हे आधी पाहा. तांब्याचे वॉशर पाच-दहा वेळा आवळून चपटे झाले असतील तर नवे घाला.

हवा काढण्याचा क्रम टाकीकडून नोझलकडे असा आहे.

१. कॉक उघडा. पहिल्या फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू दोन आटे सैल करा आणि फीड पंपाचा हातपंप दाबत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुड्यांशिवाय सलग डिझेल येईल. डिझेल वाहत असतानाच स्क्रू आवळा.

२. दुसऱ्या फिल्टरवर तेच करा.

३. मुख्य पंपावरच्या स्क्रूवर तेच करा.

४. मग सेल्फ मारा. बहुतेक ट्रॅक्टर इथेच चालू होतात.

हातपंप दाबताना काहीच जोर लागत नसेल, तर फीड पंपाचा कॅम चुकीच्या जागी थांबला असेल. इंजिन थोडेसे फिरवून पुन्हा दाबा. डायफ्रॅमचा फीड पंप असेल आणि इंजिन ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसत असेल, ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर डायफ्रॅम फाटून डिझेल ऑइलमध्ये उतरते आहे. तसे ऑइल घेऊन इंजिन चालवू नका.

नोझलच्या नळ्यांचे नट सैल करून हवा काढण्याचे काम जाणत्यानेच करावे. तिथला दाब शेकडो किलोंचा असतो. त्या धारेपुढे बोट धरले तर डिझेल कातडीतून थेट मांसात शिरते. जखम सुईच्या टोचणीएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, पण काही तासांत बोट, कधी हातही गमवावा लागतो. असे झाले तर हळद लावून घरी बसू नका, लगेच मोठ्या इस्पितळात जा आणि डॉक्टरांना ‘दाबाने डिझेल आत शिरले’ हे शब्द सांगा. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले. त्यामुळे अशा अनेक ट्रॅक्टरांत कॉमन रेल ही संगणकावर चालणारी व्यवस्था आली आहे. तिचा दाब जुन्या पंपाच्या कितीतरी पट असतो. तिथे दाबाच्या नळीला पाना लावूच नका.

पाणी हा आपल्या भागाचा शत्रू

बदलापूर, वांगणी, शेलू हा सगळा उल्हास नदीकाठचा पट्टा. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले, हे कोणी विसरलेले नाही. रेल्वे अडकते तिथे अंगणातल्या ट्रॅक्टरची काय कथा!

एक लिटर डिझेल साधारण ८२० ते ८४५ ग्रॅम भरते, एक लिटर पाणी हजार ग्रॅम. म्हणून पाणी टाकीच्या तळाशी बसते, आणि डिझेलची वाट तळातूनच जाते. ट्रॅक्टर पुरात उभा राहिला असेल तर पाणी ओसरल्यावर ‘चालू होतो का बघू’ म्हणून चावी फिरवू नका. आधी टाकीचा तळाचा बूच काढून पाणी सोडा, वाटी रिकामी करा, दोन्ही फिल्टर बदला. इंजिन ऑइलची काठी काढून पाहा. ऑइल दुधाळ दिसले तर तेही बदला. एअर क्लीनरमध्ये पाणी नाही याची खात्री करा, कारण सिलिंडरात शिरलेले पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

पूर नसला तरी कोकणची दमट हवा रात्री अर्ध्या रिकाम्या टाकीत घाम धरते. शक्य असेल तर संध्याकाळी काम संपल्यावर टाकी भरून ठेवावी, सकाळी नव्हे. ड्रममध्ये डिझेल साठवत असाल तर ड्रम किंचित कलता ठेवा, ओतल्यावर एक दिवस निवू द्या आणि तळाचे चार बोटे डिझेल ट्रॅक्टरमध्ये घालू नका. जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा पिंप डिझेलसाठी वापरू नये, जस्ताशी डिझेलची प्रक्रिया होऊन चिकट मळ तयार होतो. पूर्वी रेशनचे निळे रॉकेल डिझेलमध्ये मिसळण्याची चाल होती. डिझेलच या पंपाचे वंगण असते, रॉकेलने ते वंगण पातळ होते आणि पंप खरोखरच जातो. ड्रायव्हरने अशी भेसळ करू नये आणि मालकाने करायला सांगितली तर नकार द्यावा.

इंजिन बंदच होत नसेल तर

स्टॉपची केबल तुटली किंवा सोलेनॉइड अडकला की इंजिन बंद होईनासे होते. घाबरू नका. न्यूट्रल, हँडब्रेक, आणि मग पंपावरची स्टॉपची दांडी हाताने दाबून धरा. ही दांडी कुठे आहे हे प्रत्येक ड्रायव्हरला आणि ट्रॉलीवरच्या निदान एका कामगाराला आज माहीत असले पाहिजे. पंखा आणि पट्ट्यापासून ओढणी, मफलर, बाही दूर ठेवा. दांडी सापडत नसेल तर कॉक बंद करा, इंजिन थोड्या वेळाने थांबेल, पण मग हवा काढावी लागेल. इंजिन स्वतःचेच ऑइल पिऊन बेफाम पळू लागले, तर डिझेल तोडून उपयोग होत नाही. तेव्हा हवेच्या तोंडावर फळी दाबून हवा तोडावी, हात लावू नये.

स्टॉप तारेने बांधून किंवा बॅटरी बसली म्हणून दिवसभर इंजिन चालूच ठेवून कामे चालतात. विटा भरणारी माणसे ट्रॉलीच्या मागेपुढे असतात, ट्रॅक्टर घुरघुरत उभा असतो आणि सीटवर कोणी नसते. गिअर सटकला की मधला माणूस चिरडतो. दुरुस्तीचे पैसे वाचतात ते ड्रायव्हरच्या आणि मजुरांच्या जिवावर. ‘स्टॉप नीट झाल्याशिवाय ट्रॅक्टर काढणार नाही’ एवढे चौघांनी मिळून म्हटले तर मालकाला ऐकावे लागते.

घरातल्या ताईंसाठी

डिझेल शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू देऊ नका. लहान मूल ते पिते. प्यायले तर उलटी काढू नका, मीठपाणी पाजू नका. उलटीच्या वेळी डिझेल फुप्फुसात उतरते आणि तेच जास्त घातक असते. मुलाला तसेच इस्पितळात न्या. नळी तोंडाने ओढून डिझेल काढायची सवय घरच्या पुरुषांना असेल तर तीही बंद पाडा. धोका तोच आहे. दहा-पंधरा रुपयांच्या शिक्षणासाठी नव्हे, पण एक साधा हातपंप घरात ठेवला तर फुप्फुसे वाचतात.

आता पोटाचा प्रश्न

वांगणीच्या भावाला उत्तर असे. सकाळी चालू न होणे आणि चालल्यावर अर्ध्या तासाने बंद पडणे, ही दोन्ही लक्षणे एकत्र पाहता आधी झाकणाचे भोक, वाटी, रबरी नळी आणि फिल्टर तपासा. झिजलेला रोटरी पंप बहुधा गरम झाल्यावर चालू व्हायला कुरकुरतो, थंड असताना नव्हे. तुमचे उलट आहे. या चार गोष्टी पाहिल्याशिवाय पंपाला हात लावू देऊ नका. तरीही पंप काढावा लागला तर टेस्ट बेंचवरचा लेखी अहवाल मागा, बिल मागा आणि बदललेले जुने भाग परत मागा.

दुसरे, एक वही घाला. तारीख, मीटरचे तास, किती लिटर भरले, काय काम केले, फिल्टर कधी बदलला, कोणता बिघाड दिसला आणि मालकाला कधी सांगितला. रोज दोन ओळी. हिशेब किती उपयोगी पडतो पाहा. एका जोडातून सेकंदाला एक थेंब गळतो असे धरा, आणि ४० थेंबांचा एक मिलिलिटर धरा. दिवस-रात्र मिळून ८६,४०० थेंब, म्हणजे दोन लिटरच्या वर. महिन्याला सुमारे ६५ लिटर. वही नसेल तर या ६५ लिटरची चोरी ड्रायव्हरच्या माथी बसते. वही असेल तर ती गळती म्हणून सापडते.

आणि पगार कापण्याचे म्हणाल, तर ताब्यात दिलेल्या वस्तूचे नुकसान कामगाराच्या हयगयीमुळे झाले असेल तरच कपात करता येते, आणि तीही त्याला आपले म्हणणे मांडायची संधी दिल्यावर. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात हे तत्त्व होते, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. मालकाशी भांडण उकरून काढू नका. वही पुढे ठेवा, तपासणीचा क्रम सांगा आणि विचारा की हयगय नेमकी कोणती.

शेवटी तरुण मुलामुलींना एक सांगणे. आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल आणि मेकॅनिक ट्रॅक्टर हे एक-एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत, दहावीनंतर प्रवेश मिळतो. वस्तीत अशी दोन मुले तयार झाली तर ‘पंप गेला’ म्हणणाऱ्याला ‘कशावरून?’ असे विचारणारे कोणीतरी असेल. वांगणीच्या भावाने तपासणीत काय सापडले ते जरूर कळवावे.